पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होईना : सांगली मार्केट यार्डातल्या एका ऑफिसच्या मेलचं प्रकरण

सांगली मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याचा व्यापार करणारं एक ऑफिस आहे. पुढं ऑफिस, मागं गोदाम, वर शेठची केबिन. सहा कॉम्प्युटर, पाच मेल आयडी, आणि त्यातला विक्रीचा जो आयडी आहे तो जवळजवळ सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर आणि वर तिघांच्या मोबाईलवर टाकलेला. मेल स्वतःच्या डोमेनवर, होस्टिंग शेअर्ड (एकाच सर्व्हरवर बरीच गिऱ्हाइकं), सीपॅनेल नावाच्या सॉफ्टवेअरवालं. मेल बघायला बहुतेक ठिकाणी आउटलुक, एका ठिकाणी थंडरबर्ड. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये अशी शेकडो ऑफिसं असतील, म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण हाच आजार दुसरीकडं पण असणार आणि तिथं पण लोक रोज पासवर्ड बदलत बसलेले असणार.

तक्रार एका ओळीची होती, "मेल सारखा पासवर्ड मागतोय आणि सिंक होत नाही." किती दिवसांपासून विचारलं तर कुणी म्हणे दिवाळीपासून, कुणी म्हणे त्याच्याही आधीपासून. मधेच आठवडाभर सगळं नीट चालायचं, मग एखाद्या सकाळी परत सगळ्यांच्या स्क्रीनवर ती पासवर्डची चौकट, बरोबर पासवर्ड टाकला तरी परत तीच. राउटर बंद करून चालू केला की बऱ्याचदा सुटायचं, म्हणून नेटवाल्याला पण बोलावून झालेलं, त्यानं येऊन वायर बदलून दिली होती.

यार्डातला निम्मा व्यवहार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर होतो, पण बाहेरच्या राज्यातला मसालेवाला किंवा एक्स्पोर्टचं काम आलं की सगळं मेलवरच येतं. परचेस ऑर्डर, हळदीचा करक्युमिनचा लॅब रिपोर्ट, फायटोसॅनिटरी (मालाला कीड-रोग नसल्याच्या) सर्टिफिकेटची कॉपी, बीएलचा म्हणजे जहाजाच्या माल-पावतीचा ड्राफ्ट. आता बीएलच्या ड्राफ्टला वेळेत ओके नाही दिलं आणि त्यात चूक राहिली तर पुढं दुरुस्तीला पैसे मोजावे लागतात, आणि तो ड्राफ्ट आलाय हेच जर संध्याकाळी कळलं तर काय करणार. नव्या हळदीची आवक जोरात असताना सकाळी सौदे चालू असतात, माणसं तिकडं गुंतलेली, आणि इकडं मेल बंद. त्यामुळं शेठ वैतागले होते ते बरोबरच होतं.

आधी काय काय करून झालं होतं ते विचारून घेतलं. पासवर्ड अनेकदा बदललेला. आउटलुक रिपेअर केलेलं. प्रोफाईल नवीन बनवलेलं. कुणीतरी इंटरनेटवर वाचून ॲप पासवर्ड बनवायला सांगितलेलं आणि ती सोय काही सापडेना म्हणून ते अर्धवट सोडलेलं. ती सापडणारच नव्हती. ॲप पासवर्ड हा जीमेलसारख्या खात्यांचा विषय आहे. गूगलनं ३० मे २०२२ पासून साध्या जीमेल खात्यांना नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरच्या ॲपमधून लॉगिन बंद केलं, तिथं गूगलचं स्वतःचं लॉगिन पान न दाखवणाऱ्या ॲपसाठी टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टनं पण १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या त्यांच्या मेल सेवेवरची जुनी लॉगिन पद्धत बंद करायला घेतली. पण ज्यांचा मेल स्वतःच्या डोमेनवर साध्या सीपॅनेल होस्टिंगवर आहे त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. आपला मेल नेमका कुणाच्या सर्व्हरवर आहे हे आधी बघायला पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच्या आजाराचं औषध आपण खात बसतो.

मी पहिल्या दिवशी एकही सेटिंग बदललं नाही. दिवाणजींना एक वही करायला सांगितली. किती वाजता, कुठला कॉम्प्युटर, कुठला आयडी, आणि स्क्रीनवर आलेले शब्द जसेच्या तसे, एवढंच लिहायचं. दिवाणजी जुन्या वळणाचे, खतावणी लिहावी तशी त्यांनी ती वही लिहिली, रेघ मारून, रकाने पाडून. स्क्रीनवरचे इंग्रजी शब्द एकेक अक्षर बघून उतरवलेले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाला काय आलं असेल तर ती वही, कारण ती वाचल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की ज्याला सगळे "मेलचा प्रॉब्लेम" म्हणत होते ते एक दुखणं नव्हतंच. काही नोंदी सकाळच्या होत्या, त्यात एकाच वेळी सगळे कॉम्प्युटर आणि सगळे आयडी बंद. काही दुपारच्या, त्यात फक्त विक्रीचा आयडी आणि तोही एखाद-दुसऱ्याच कॉम्प्युटरवर. वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरला पासवर्डची तक्रार नाहीच, त्याला सर्टिफिकेटची वॉर्निंग. आणि काही ठिकाणी एरर कसलाच नाही, फक्त "मागच्या महिन्यातला मेल मोबाईलवर दिसत नाही" असं लिहिलेलं.

काट्यावरचं सगळ्यात सोपं होतं. तो कॉम्प्युटर जुना, मदरबोर्डवरचा सेल गेलेला, रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी तारीख काही वर्षं मागं. मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत असतं, कॉम्प्युटरच जर मागच्या कुठल्यातरी वर्षात असेल तर त्याला ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं वाटणार आणि तो बोंब मारणार. काट्यावरचा पोरगा रोज सकाळी हातानं तारीख दुरुस्त करायचा आणि हे त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं, त्याला वाटलं जुना कॉम्प्युटर आहे, असंच असतं. सीआर २०३२ चा सेल बदलला, विषय संपला.

सकाळचा प्रकार मात्र खरा अवघड होता, म्हणून तो घडत असतानाच पकडायचा ठरवलं. पुढच्या वेळी फोन आला तेव्हा जाताना सांगितलं की राउटरला कुणी हात लावू नका आणि पासवर्ड पण कुणी टाकत बसू नका. गेल्यावर बघितलं तर इंटरनेट चालू, बाकीच्या वेबसाइट उघडतायत, मेल वाचायच्या आयमॅप पद्धतीचा ९९३ पोर्ट पण उघडा, म्हणजे सर्व्हर जागेवर आहे आणि आपण त्याच्यापर्यंत पोचतोय. ब्राउझरमधून वेबमेल उघडला, पासवर्ड टाकला, तर लॉगिन चुकीचं म्हणतोय. मग तोच लॅपटॉप माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घेतला, तोच आयडी, तोच पासवर्ड, वेबमेल लगेच उघडला. परत ऑफिसच्या वायफायवर आणला, परत चुकीचं. दिवाणजी शेजारी उभे राहून बघत होते, म्हणाले, "म्हणजे पासवर्ड बरोबर हाय की ओ."

पासवर्ड बरोबरच होता. सर्व्हर नाकारत होता ते ऑफिसच्या इंटरनेट लाइनला.

हे जरा समजून घ्यायला पाहिजे कारण इथंच सगळे फसतात. ऑफिसमध्ये कॉम्प्युटर सहा असोत की साठ, राउटरच्या पलीकडं बाहेरच्या जगाला त्या सगळ्यांचा मिळून एकच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, दिसतो. आता सीपॅनेलच्या सर्व्हरवर सीपीहल्क नावाची एक सुरक्षा असते, एखाद्या आयपीवरून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळा चुकीचा पासवर्ड आला की ती तो आयपी काही वेळ अडवून ठेवते. आणि अडवताना "तुम्हाला अडवलंय" असं सांगत नाही, सरळ लॉगिन चुकीचं म्हणते, म्हणजे त्या काळात बरोबर पासवर्ड टाकला तरी तेच उत्तर. सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, बाहेरच्या चोराला काय चाललंय ते कळू नये म्हणून. पण इथं होतं असं की ऑफिसातलं एखादं यंत्र चुकीचा पासवर्ड मारत बसलं की शिक्षा सगळ्या ऑफिसला. त्यात माणसं घाबरून जुना टाकून बघ, नवा टाकून बघ करतात, ते पण चुकीच्याच खात्यात जमा. आणि राउटर बंद-चालू केल्यावर सुटायचं का, तर साध्या ब्रॉडबँडला आयपी कायमचा नसतो, राउटर परत चालू झाला की बऱ्याचदा नवीन आयपी मिळतो, नवीन आयपीवर अजून बंदी नसते. म्हणून सगळ्यांचा समज झाला की दोष राउटरचा आहे.

आता प्रश्न राहिला तो कोण मारतंय चुकीचा पासवर्ड. हे होस्टिंगवाल्याच्या लॉगमध्येच, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्येच दिसणार. सपोर्टला पहिल्यांदा लिहिलं तर ठरलेलं उत्तर आलं, पासवर्ड रिसेट करा, कॅश क्लिअर करा. मग नीट लिहिलं, ऑफिसचा आयपी हा, बंद पडल्याची वेळ ही, याच वेळी मोबाईलच्या इंटरनेटवरून याच पासवर्डनं लॉगिन होतंय, तर हा आयपी ब्लॉक आहे का आणि असेल तर कुठल्या आयडीच्या चुकीच्या लॉगिनमुळं, त्या लॉगच्या ओळी पाठवा. असं लिहिल्यावर ओळी आल्या. सपोर्टला मेल करताना आयपी, वेळ आणि आपण काय तपासलं हे तिन्ही द्यायला पाहिजे, समोरचा माणूस पण मग त्या बाजूनं शोधतो.

त्या ओळींमध्ये तीन गोष्टी होत्या. आयडी विक्रीचा. चुकीचं लॉगिन मेल वाचायला आलेलं नाही, पाठवायला आलेलं, म्हणजे आयमॅप नाही, एसएमटीपी, शेवटी ५३५ चा, म्हणजे लॉगिन चुकीचं असा, नकार. आणि वेळा. सकाळी पावणेनऊपासून धडाधड ओळी सुरू, मग दिवसभर अधूनमधून, आणि रविवारी पण तुरळक.

मी दिवाणजींना विचारलं, पावणेनऊला ऑफिसात कोण असतं?

"कोण नसतं ओ. गोदामाचं शटर उघडतं पावणेनऊला, हमाल येतात. आम्ही दहाला."

म्हणजे सगळे कॉम्प्युटर बंद, माणूस एक नाही, आणि कुणीतरी विक्रीच्या आयडीवरून मेल पाठवायला बघतंय, रविवारी सुद्धा. राउटरमध्ये कोण कोण जोडलेलं आहे ती यादी काढली. प्रिंटर त्या वेळेला बंद असतो. उरला वर शेठच्या केबिनमधला कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, तो चोवीस तास चालू. केबिनमध्ये जाऊन त्याच्या मॉनिटरला माउस लावला, नेटवर्कच्या मेनूत ईमेल म्हणून पान असतं ते उघडलं, आणि पाठवणारा म्हणून तिथं विक्रीचा आयडी, पुढं पासवर्डच्या जागी ठिपके, घेणारा म्हणून शेठचा जुना जीमेल. गोदामाच्या दोन कॅमेऱ्यांना हालचाल दिसली की फोटो मेल करायचा असं लावून ठेवलेलं. टेस्टचं बटण दाबलं, फेल. लॉग परत मागवला तर त्याच मिनिटाची नवीन ओळ हजर.

शेठना विचारल्यावर सगळा उलगडा झाला. यार्डात पोती जायची भीती म्हणून कॅमेरे बसवताना बसवणाऱ्याला त्यांनीच सांगितलं होतं की रात्री कुणी शिरलं तर मला मेलवर फोटो येऊ दे. "ते फोटो यायचे मधेच बंद झाले. मला वाटलं बरं झालं, फार यायचे." ते बंद झाले ते ज्या दिवशी विक्रीच्या आयडीचा पासवर्ड पहिल्यांदा बदलला त्या दिवशी. कॉम्प्युटरवर नवीन पासवर्ड गेला, मोबाईलवर गेला, डीव्हीआर कुणाच्या लक्षातच नाही. तेव्हापासून शटर उघडलं, हमाल पोती घेऊन आत-बाहेर करायला लागले की प्रत्येक हालचालीला डीव्हीआर जुन्या पासवर्डनं सर्व्हरचं दार वाजवतोय, दहाला माणसं येईपर्यंत आयपी अडवलेला. रविवारी गोदामात मांजर फिरलं तरी तेच, फक्त ऑफिस बंद म्हणून कुणाला कळत नव्हतं. आणि आठवडाभर कसं नीट चालायचं ते पण कळलं, माल कमी आणि गोदाम बंद असलं की हालचाल नाही, हालचाल नाही तर धडका नाहीत.

तरीपण लगेच "सापडलं" असं जाहीर केलं नाही. डीव्हीआरची नेटवर्कची वायर काढून ठेवली आणि बाकी काहीच बदललं नाही. दुसऱ्या दिवशी शटर नेहमीच्या वेळेला उघडलं, ऑफिस दहाला सुरू झालं, एकाही स्क्रीनवर चौकट नाही. वहीत दिवाणजींनी त्या दिवसाचा रकाना लिहिला, "तक्रार नाही." असेच अजून काही दिवस भर आवकेचे जाऊ दिले, मगच नक्की मानलं.

यावर उपाय करताना दोन सूचना आल्या होत्या, दोन्ही मी नाही म्हणलं. एक म्हणजे डीव्हीआरमध्ये नवीन पासवर्ड टाकून द्या. तो जुना डीव्हीआर नवीन टीएलएस (सर्व्हरशी गुपित बोलायची पद्धत) धड बोलत नाही आणि त्याचा लॉगिनचा पासवर्ड पण कंपनीतून आलेलाच होता, अशा यंत्राच्या पोटात धंद्याच्या मुख्य मेलचा पासवर्ड ठेवणं मला धोक्याचं वाटतं. त्याचा मेल बंदच केला, त्याचा स्वतःचा पासवर्ड बदलला आणि शेठच्या मोबाईलवर ॲपची नोटिफिकेशन लावून दिली. ज्याला मेलवरच पाहिजे असेल त्यानं कॅमेऱ्यासाठी वेगळा आयडी काढावा, त्याचा पासवर्ड वेगळा, त्यात दुसरं काही नाही. दुसरी सूचना होती की होस्टिंगवाल्याला सांगून ऑफिसचा आयपी व्हाइटलिस्ट, म्हणजे कधीच न अडवायच्या यादीत, करून घ्या. आयपी बदलता असेल तर त्याचा उपयोग नाहीच, आणि कायमचा घेतला तरी उद्या ऑफिसातल्या एखाद्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरून पासवर्ड मारत बसला तर त्याला अडवणारं कुणी उरत नाही.

सकाळचा त्रास गेल्यावर दुपारचा उघडा पडला. फक्त विक्रीचा आयडी, कधी या कॉम्प्युटरवर सिंक अडकतंय कधी त्या. याचं कारण कनेक्शनची संख्या. आयमॅप प्रोग्राम एका आयडीसाठी एकच कनेक्शन उघडत नाही, फोल्डरमागं वेगवेगळी उघडतो, थंडरबर्ड तर एकटा ५ पर्यंत उघडतो. आणि सर्व्हरवरच्या डव्हकॉट नावाच्या मेल प्रोग्रामला एका आयडीला एका आयपीवरून किती कनेक्शन द्यायची याची मर्यादा असते, मूळ सेटिंग १० चं, होस्टिंगवाले आपापल्या हिशोबानं वाढवतात. इथं तोच आयडी बऱ्याच कॉम्प्युटरवर, वर वायफायवरचे मोबाईल, दुपारी सगळेच जागेवर, मर्यादा संपली की जो शेवटी येईल तो बाहेर. थंडरबर्डची कनेक्शनं कमी केली आणि विक्रीचा आयडी ज्यांना खरोखर उत्तर द्यायचं असतं त्या दोनच कॉम्प्युटरवर ठेवला. बाकीच्यांना फक्त वाचायला पाहिजे होतं, त्यांच्या स्वतःच्या आयडीवर फॉरवर्ड लावला. यात कुरकुर झाली थोडी, सगळ्यांना सगळं दिसायची सवय होती, पण एका ऑर्डरला दोघांनी दोन भाव कळवायचे प्रकार पण त्याबरोबर बंद झाले.

राहिले ते गायब होणारे मेल, आणि मला विचाराल तर ऑफिसच्या दृष्टीनं सगळ्यात घातक हेच होतं. अकाउंट बघणाऱ्या ताईंच्या कॉम्प्युटरवर विक्रीचा आयडी पॉपनं लावलेला होता, बाकी सगळीकडं आयमॅप. पॉप मेल उतरवून स्वतःकडं घेतो, आणि आउटलुकमध्ये पॉप लावताना १४ दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका ही खूण आधीपासूनच केलेली असते. म्हणजे ताईंचा कॉम्प्युटर शांतपणे प्रत्येक मेल १४ दिवसांनी सर्व्हरवरून उचलत होता, आणि आयमॅपवाल्यांना सर्व्हरवर जे आहे तेवढंच दिसतं, त्यांच्याकडून तो नाहीसा. ताईंना मात्र सगळं दिसतंय, त्यामुळं त्या प्रामाणिकपणे सांगायच्या, "माझ्याकडं आहे की, तुमच्याकडं कसा नाही." सगळ्या ऑफिसचा कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका कॉम्प्युटरच्या आउटलुकच्या एका पीएसटी फाइलमध्ये, बॅकअप नाही, आणि कॉम्प्युटर तळमजल्यावर, टेबलाखाली जमिनीला टेकून. २०१९ ला आणि २०२१ ला सांगलीत पाणी कुठपर्यंत आलं होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे ऐकून कसं वाटेल ते वेगळं सांगायला नको.

इथं घाई केली नाही. पहिल्यांदा फक्त ती १४ दिवसांची खूण काढली, म्हणजे नवीन काही जायचं थांबलं. मग आउटलुक बंद करून पीएसटीची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतली, ती डिस्क शेठच्या घरी. मग त्याच आउटलुकमध्ये तोच आयडी आयमॅपनं वेगळा जोडला आणि जुन्या फाइलमधले मेल थोडे थोडे, महिन्या-महिन्यानं, आयमॅपच्या फोल्डरमध्ये कॉपी केले. मूव्ह नाही, कॉपी, कारण मधे इंटरनेट गेलं तर मूव्ह केलेलं अर्धवट लटकतं. त्याआधी मेलबॉक्सचा कोटा बघितला होता, सगळं मावणारच नव्हतं, म्हणून चालू आणि मागच्या आर्थिक वर्षाचं सर्व्हरवर नेलं आणि त्याआधीचं पीएसटीतच ठेवलं, दोन ठिकाणी कॉपी करून. हे सगळं मोजून-ताडून झाल्यावर शेवटी पॉपचं खातं काढलं. शेठनी मोबाईलवरून पाठवलेले मेल ऑफिसात दिसत नव्हते ते पण याच वेळी मार्गी लावलं, मोबाईल वेगळ्या सेंट फोल्डरमध्ये टाकत होता आणि आउटलुक वेगळ्या, दोघांना सर्व्हरवरच्या एकाच फोल्डरवर आणलं.

सगळं झाल्यावर विक्रीच्या आयडीचा पासवर्ड एकदाच बदलला, मुद्दाम शेवटी, कारण इतक्या दिवसांत तो किती जणांना माहीत झाला होता त्याचा हिशोब नव्हता. बदलायच्या आधी दिवाणजींच्या त्याच वहीत मागच्या पानावर यादी केली, कुठला आयडी कुठल्या कुठल्या यंत्रात टाकलेला आहे. पासवर्ड लिहायचा नाही, फक्त जागा. कॉम्प्युटर, मोबाईल, स्कॅन करून मेल करणारा प्रिंटर, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून बिल मेल होतं ते, सगळं. पासवर्ड बदलला की त्या यादीवर एकेक खूण करायची आणि सगळ्या खुणा झाल्याशिवाय उठायचं नाही असं दिवाणजींनी स्वतःच ठरवून टाकलं. प्रिंटरचं तर त्या यादीमुळंच आठवलं, नाहीतर डीव्हीआरची जागा पुढं त्यानं घेतली असती.

एक काम अजून बाकी आहे. काट्यावरचा आणि अजून एक असे दोन कॉम्प्युटर विंडोज ७ वर आहेत, आउटलुक पण जुनं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यात टीएलएस १.२ आपोआप चालू नसतं, अपडेट घालून आणि सेटिंग करून चालू करावं लागतं. ते मी करून दिलंय, सध्या मेल चालतोय, पण होस्टिंगवाल्यानं उद्या सर्व्हरवरचं काही अजून कडक केलं की हे दोन परत बाहेर पडणार आणि परत पासवर्डचीच चौकट दाखवणार. शेठना सांगून ठेवलंय, नवीन हळद यायच्या आत दोन्ही बदलून घ्यायचे ठरलेत.